लाद्यांवरचा हात

मासळीबाजारात रांगेत उभं असताना झेफेरीनु वालादशचा उजवा हात आपोआप वर गेला. झालं होतं एवढंच, की एक बाई बाजूने येऊन त्याच्या पुढे घुसली आणि तिने माकुलांच्या ढिगावर बोट ठेवलं. थांबवायचं तर तोंड होतं की त्याला. पण तोंड मिटलेलंच राहिलं आणि हात गेला. कोपरात ताठ, बोटं जुळलेली, तळवा पुढे, आणि मान अर्धी वळलेली उजवीकडे, जिथे पूर्वी मैदानाच्या कडेला झेंडा घेतलेला माणूस उभा असायचा. आता तिथे बर्फावर सार्डिन पडले होते. त्याने लगेच हात खाली घेतला, केस सारखे करायला नेला होता असं दाखवत डोक्यावरून फिरवला, पण डोक्यावर केस नव्हते आणि ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं होतं. मासळीवाली दोना इर्मेलिंदा सुरी थांबवून म्हणाली, "बाई, मागे व्हा. कॅप्टननी ऑफसाइड दिलाय." रांग हसली. घुसलेली बाईही हसली आणि खरंच मागे झाली. सेतूबल गावात त्याला सगळे ओळखत होते, आणि ओळखत होते ते याच हातामुळे. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला अशा हसण्याचा राग यायचं काही कारण नव्हतं. तरी त्याने नजर बर्फावरच्या सार्डिनवरच ठेवली.

"हात जपून ठेव, रविवारी लागणार आहे," मागून आवाज आला. बेल्मीरु. उनियाव फुटबॉल क्लबचे कपडे धुण्यात आणि बुटांचा चिखल खरवडण्यात ज्याचं सगळं आयुष्य गेलं तो बेल्मीरु, आता पंच्याहत्तरीचा, तोंडात न पेटवलेली सिगरेट. "बरं झालं भेटलास. टेप सापडली."

"कसली टेप?"

"कसली म्हणजे? आपली. नव्वद सालची शेवटची मॅच. तो न्हावी कोस्मे वारला ना, त्याच्या माळ्यावर होती. त्याचा मेव्हणा फ्रान्सहून सुट्टीला आलेला, खांद्यावर कॅमेरा घेऊन. आपल्या समोरच्या बाजूला बसून अख्खी मॅच घेतलीय पठ्ठ्याने, आणि चौतीस वर्षं कुणाला पत्ता नाही. रविवारी जेवणाआधी पडद्यावर लावू, मग तुझ्या लाद्यांवरचं कापड काढू. आदेरितुलाही बघू दे, काय दिवे लावले होते ते." बेल्मीरुच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याच्यामुळे ती मॅच गेली असं गाव मानायचं, त्या आदेरितुबद्दल आताशा सगळे असंच चेष्टेत बोलत. झेफेरीनु "हो, हो" म्हणाला, पिशवी घेतली आणि निघाला. माकुलांऐवजी आपण सार्डिन घेतले हे त्याला घरी पिशवी उघडल्यावर कळलं.

समोरच्या बाजूने. हे दोन शब्द वाटेतल्या प्रत्येक संत्र्याच्या झाडाखाली त्याच्याबरोबर आले. आपल्या बाजूने काय दिसलं होतं ते सगळ्या गावाला पाठ होतं. वर्तमानपत्रात फोटो आला होता, तोच क्लबात, तोच धक्क्यावरच्या तीन खानावळींत, आणि आता तोच निळ्या रंगात अठ्ठेचाळीस लाद्यांवर उतरवून क्लबाच्या अंगणातल्या भिंतीत बसवला होता. समोरच्या बाजूने काय दिसत असेल हा विचार त्याने इतक्या वर्षांत कधी केला नव्हता, कारण समोरच्या बाजूला कुणी नव्हतंच. नुसत्या उन्हात तापलेल्या रिकाम्या पायऱ्या, असंच त्याने धरून ठेवलं होतं. आणि तिथे एक मेव्हणा बसला होता. बसतात अशी माणसं, आपल्या आयुष्याच्या समोर, काही न बोलता. बचावाची ओळ म्हणजे दोरीला बांधलेली चार माणसं. समोरच्या संघाने चेंडू पुढे टाकायच्या नेमक्या आधी कॅप्टनने "वर" म्हणून ओरडायचं आणि चौघांनी एकदम पुढे सरकायचं. मग गोलावर टपलेला त्यांचा गडी एकटा मागे उरतो, हात वर जातात, झेंडा वर जातो, खेळ थांबतो. चौघांतला एक जरी जागेवर राहिला तर त्या गड्याला मोकळं रान. पाच वर्षं झेफेरीनु "वर" म्हणाला की बाकीचे तिघे मागेपुढे न बघता सरकत आले होते. त्या दिवशी बरोबरी पुरे होती. बरोबरी झाली असती तर उनियाव दुसऱ्या विभागात राहिला असता. दोन मिनिटं उरली होती. त्यांच्या मधल्या माणसाने मान वर केली, झेफेरीनु "वर" म्हणून ओरडला, तिघे गेले, आणि तो गेला नाही.

का गेला नाही, हे तो स्वतःला सांगत आला होता त्यात दर काही वर्षांनी फरक पडायचा. डावा गुडघा, हे खरं. त्या गुडघ्यात गेले सहा आठवडे शनिवार-शनिवार सुई जात होती आणि ते बेल्मीरुलासुद्धा माहीत नव्हतं. मंगळवारी लिस्बनच्या मोठ्या क्लबाच्या डॉक्टरसमोर उभं राहायचं होतं, हेही खरं. त्यांचा नऊ नंबरचा हरणासारखा पळायचा. पुढे सरकलो आणि फसलं तर वळून त्याच्यामागे पळावं लागेल, आणि वळताना गुडघा गेला तर मंगळवार गेला. एवढं सगळं माणूस एका श्वासात विचार करतो का? नाही करत. पण पाय करतो. पाय जागेवर राहिला, चेंडू सुटला, नऊ नंबर त्याच्या खांद्याजवळून वाऱ्यासारखा गेला, आणि मग तो हात. खरा सल पायाचा नव्हताच. पाय भितो, त्याला काय करणार. हात वर गेला तेव्हा आपण मागे राहिलोय हे आपल्याला कळलं होतं की नव्हतं? कधी वाटे, सवयीने गेला, आज बाजारात गेला तसा. कधी, विशेषतः दाढी करताना, नक्की आठवे की कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तो इतका उंच आणि इतका सरळ गेला.

आदेरितु गाल्रिन्यु, डावा बॅक, वीस वर्षांचा, एकटा पळाला. बाकी सगळे हात वर करून उभे, आणि हा पोरगा नऊ नंबरच्या मागे जीव तोडून धावला, पोचला नाही, गोल झाला. त्या धावण्याच्या मध्यावर कुणीतरी फोटो घेतला. फोटोत झेफेरीनु पुतळ्यासारखा, हात आकाशात. आणि पलीकडे आदेरितु, हात खाली, सगळ्यांत मागे, गोलाच्या सगळ्यांत जवळ. आधी लोकांनी झेंडेवाल्याला शिव्या घातल्या. सोमवारी फोटो बघितला आणि म्हणाले, झेंडेवाल्याचं बरोबर होतं, हा बघा, हा मागे झोपला होता. क्लब खाली गेला तो पुन्हा वर आलाच नाही. आदेरितुची आई सार्डिनच्या डबेकारखान्यात होती. तिच्या टेबलाच्या बायका तिच्याशेजारी बसेनात. दारात कुणीतरी रोज मासळीची डोकी टाकायचं. न्हावी कोस्मेने पोराला खुर्चीवरून उठवलं होतं म्हणे, तुझे केस दुसरीकडे काप म्हणून. सप्टेंबरात आदेरितु लक्झेंबर्गला गेला, लाद्या बसवायला. आणि झेफेरीनु मंगळवारी डॉक्टरसमोर उभा राहिला, पास झाला, लिस्बनला चार मोसम खेळला, परत आला, उनियावच्या मुलांना वीस वर्षं शिकवलं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं तो मनाशी म्हणायचा. पण हात वर केलेल्या माणसाला कोण विचारतो.

शुक्रवारभर तो घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. शनिवारी सकाळी लुदोविना, त्याची बायको, रविवारसाठी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. "उद्या त्या बिचाऱ्याला टोमणे मारू देऊ नकोस लोकांना," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर टेप लावायची म्हणजे काय. वीस वर्षांचं पोर होतं. चुकलं असेल."

"चुकलं असेल," तो म्हणाला.

"तू दोन शब्द बोल. तुझं ऐकतील."

"काय बोलू?"

तिने इस्त्री उभी ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. "तुला बरं नाहीये का? परवा सार्डिन घेऊन आलास, आज बुटांत मोजे न घालता बसलायस." त्याने खाली बघितलं. तसंच होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला न सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि तिच्याकडे बघताना त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती गावाची नाही, हिची. उद्या पडद्यावर दिसेल आणि हिला कळेल की मी सांगितलं नाही. तो मोजे घालून क्लबात गेला. बेल्मीरुला म्हणायचं होतं, राहू दे टेप, जुनं काढू नको, आदेरितुला वाईट वाटेल. वाक्य त्याने चालता चालता तीनदा घोटलं. दर वेळी आदेरितुचं नाव त्यात जास्त सहज बसलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

बेल्मीरु नव्हता. भिंतीशी शिडीवर आदेरितुच होता. चौपन्नचा, जाड मानेचा, गुडघ्यांना फडकी बांधलेली, टांगलेल्या कापडाची कड उचलून लाद्यांच्या फटींत पांढरा लेप दाबत. गेल्या वर्षी तो कायमचा परत आला आणि क्लबाने भिंतीचा विषय काढला तेव्हा म्हणाला, मी बसवतो, फुकट. गाव खूश झालं. पोराने मन मोठं केलं, म्हणाले.

"बघू नकोस," आदेरितु वरूनच म्हणाला. "उद्याच्या आधी नवरीला बघायचं नसतं."

"बेल्मीरु कुठाय?"

"पडदा आणायला गेलाय. काय काम होतं?"

"टेपचं. म्हणजे, जुनी असणार, खराब झालेली. उगाच तुला त्रास."

"मला कसला त्रास?" आदेरितुने अंगठा पाण्यात बुडवला आणि एका फटीवरून फिरवला. "मी होतो की तिथे." तो खाली उतरला, हात पुसले. "तुझा हात चार लाद्यांत आलाय. सगळ्यांत शेवटी बसवला. एक लादी जराशी तिरकी लागली होती, काढली, परत लावली. वाकडा लागला असता तर म्हणाले असते, आदेरितुने सूड उगवला."

झेफेरीनुला हसायचं होतं. "तू का घेतलंस हे काम?"

"दुसरा कुणी नीट केलं नसतं." तो बादलीत लेप ढवळू लागला. दोघांच्या मध्ये चार पावलांचं अंतर होतं, ओळीत असायचं तेवढंच. आत्ता, झेफेरीनु मनाशी म्हणाला, आत्ता बोल, इथे कुणी नाही, लुदोविना नाही, गाव नाही. तोंड उघडलं. आदेरितु ढवळायचा थांबला आणि वाट बघत राहिला. घाईने नाही, अगदी निवांत, ज्याला दिवसभर दुसरं काम नाही तसा. "छान झालंय," झेफेरीनु म्हणाला. "कापडाआडून दिसतंय?" आदेरितुने विचारलं, आणि पुन्हा ढवळू लागला.

रविवारी साठेक माणसं होती. मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यांत मासळी शिजत होती, आत मोस्कातेल या गोड वाइनचे छोटे पेले फिरत होते, खिडक्यांना पोती टांगून अंधार केला होता. झेफेरीनुला पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला लुदोविना. दुसऱ्या बाजूला, बेल्मीरुच्या आग्रहाने, आदेरितु. "ओळीत बसा रे," बेल्मीरु म्हणाला, आणि यंत्राचं बटण दाबलं. पडदा थरथरला. आधी कुणाचं तरी पोर आइसक्रीम खात होतं, मग नदी, मग कोस्मेची मेलेली बायको हात हलवत हसली आणि मागे दोघीतिघींनी सुस्कारा टाकला. मग मैदान. आपलं मैदान आरशात बघितल्यासारखं उलटं, आणि त्यावर एक काळ्या केसांचा माणूस आडवातिडवा हात करत ओरडतोय. तोच. त्याला तो माणूस आवडला नाही. मागे लोक एकेकाला ओळखत होते, अरे हा बघ, तो बघ काय केस होते, हा गेला, तो ब्राझीलला आहे. झेफेरीनु पायांकडे बघत होता, फक्त पायांकडे. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मध्ये बेल्मीरुने टेप पुढे पळवली तेव्हा ते सगळे पाय मुंग्यांसारखे धावले. मग त्याने थांबवली. "आता बघा. दोन मिनिटं राहिलीत."

त्यांच्या मधल्या माणसाकडे चेंडू आला. मेव्हण्याचा कॅमेरा त्याच्याकडे गेला, अगदी जवळ, पडद्यावर तो एकटाच. मान वर केली, पाय मागे नेला. कुठून तरी लांबून पातळ आवाज आला, "वर". तो आवाज ऐकून झेफेरीनुने डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू हवेत होता आणि कॅमेरा चेंडूबरोबर पळत होता, आकाश, पायऱ्या, आकाश, आणि मग धप्पकन मैदान. नऊ नंबर पुढे निघून गेलेला. मागे आदेरितु धावतोय. आणि कडेला, अर्धा कापलेला, एक सरळ वर गेलेला हात. गोल. कॅमेरा वाकडा झाला, कुणीतरी फ्रेंचमध्ये शिवी दिली, टेप संपली. एवढंच. चेंडू सुटला त्या क्षणी कोण कुठे होतं, हे चेंडूच्या मागे लागलेल्या मेव्हण्याला कधी दिसलंच नव्हतं. "काहीच नाही आलं की," कुणीतरी म्हणालं. "आदेरितु, वाचलास लेका," दुसरा म्हणाला, आणि खोली हसली, आदेरितुही थोडा हसला. झेफेरीनुच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं, पोटात, मांड्यांत, गरम. इतका आनंद त्याला लिस्बनच्या डॉक्टरने पाठीवर थाप मारली तेव्हा झाला होता, त्यानंतर नाही. नेमका तोच आनंद होता. तीच चव. तो ओळखला आणि त्याला लाज वाटली, अशी की बसून राहणं जमेना. लाजेनेच त्याला खुर्चीवरून उठवलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. कुणीतरी खिडकीवरचं पोतं काढलं. "मी मागे होतो. आदेरितु नाही. मी ओरडलो, हे तिघे वर गेले, मी गेलो नाही. माझा गुडघा गेलेला होता, मंगळवारी लिस्बनला तपासणी होती. मी जागेवर राहिलो आणि हात वर केला. याने काही केलेलं नाही. याच्या आईच्या दारात जी घाण टाकली ती माझ्या दारात टाकायला हवी होती." त्याने लुदोविनाकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती मांडीवरच्या पर्सची कडी लावत होती, उघडत होती, लावत होती. तिला पटलं होतं. त्या खोलीत त्याची मोज्यांविना पावलं बघितलेली ती एकटीच.

मग बेल्मीरु पुढे आला, डोळे भरलेले, सिगरेट हातात. "बघितलंत?" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "याला म्हणतात कॅप्टन. चौतीस वर्षांनीही आपल्या गड्याच्या अंगावरचं स्वतःवर घेतो. आजच्या पोरांना सांगा हे." आणि टाळ्या सुरू झाल्या. "नाही, ऐका," झेफेरीनु म्हणाला, "खरं सांगतोय." "माहितीय, माहितीय," मागून आवाज आला, "तुझा स्वभाव माहितीय आम्हाला." दोना इर्मेलिंदा रडत होती. माणसं उभी राहिली. बाहेर बेल्मीरुने कापड ओढलं, दारातून निळ्या लाद्या दिसल्या, टाळ्या वाढल्या. त्यांना थांबवायला झेफेरीनुने हात वर केला. कोपरात ताठ, बोटं जुळलेली, तळवा पुढे. त्याबरोबर एकच गिल्ला झाला आणि साठ माणसांचे फोन त्याच्याकडे वळले. हात खाली घ्यायला हवा हे त्याला कळत होतं. तो तसाच राहिला.

आदेरितु उठला. त्याने झेफेरीनुचं मनगट धरलं, बोटांच्या भेगांत लेप अजून पांढरा होता, आणि हात हळूच खाली आणला. "पुरे आता," तो म्हणाला. टाळ्यांच्या आवाजात फक्त एकट्याला ऐकू जाईल असं. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डावा बॅक बघणार कुणाकडे? कॅप्टनच्या पायाकडे. तुझा पाय हलला नाही तेव्हाच मला कळलं झेंडा येणार नाही. म्हणून तर पळालो. नाहीतर मीही हात वर करून उभा राहिलो असतो, तुमच्यासारखा."

झेफेरीनुने मनगट सोडवून घेतलं नाही. "बोलला का नाहीस?"

"आत्ता तू बोललास," आदेरितु म्हणाला. "काय झालं?"

मग सगळे त्यांना ओढत भिंतीपाशी घेऊन गेले. पातेल्याचं झाकण उघडलं होतं, मासळीचा वास अंगणभर पसरला होता, कुणीतरी लवकर करा, रस्सा गार होतोय म्हणत होतं. बेल्मीरुने दोघांना लाद्यांसमोर उभं केलं, झेफेरीनुला मध्ये, आदेरितुला डावीकडे, आपापल्या जागी. लुदोविना गर्दीत मागे राहिली. बोलावलं तरी ती पुढे आली नाही. "जवळ या, जवळ या," बेल्मीरु म्हणाला, "अजून अर्धं पाऊल पुढे." दोघे सरकले. तो फोटो आता क्लबात लावलाय. त्यात झेफेरीनु समोर बघतोय, चेहरा पांढराफटक, आणि आदेरितु समोर बघत नाहीये. तो झेफेरीनुच्या पायाकडे बघतोय.